लघुउद्योजक आणि कामगारांचा सक्तीचा आरोग्य विमा

औद्योगिक वसाहतीतील लहान कारखानदारांपुढे कामगार कायद्यांचा विषय निघाला की कर्मचारी राज्य विमा योजनेविषयी, म्हणजे बोलीभाषेतील 'ईएसआय'विषयी, नापसंतीचा सूर हमखास उमटतो. ही नापसंती केवळ चार पैसे वाचविण्याच्या वृत्तीतून येते असे मानण्याकडे शासकीय वर्तुळाचा कल असतो. वस्तुतः तिच्यात अपुऱ्या हिशेबाचा अंश जसा आहे, तसाच रास्त तक्रारीचाही आहे. आणि ही तक्रार योजनेइतकीच जुनी आहे.

कामगारांच्या आरोग्य विम्यासंबंधीचा अहवाल प्रा. बी. पी. अडारकर यांनी १९४४ मध्ये भारत सरकारला सादर केला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. या अहवालाच्या पायावर १९४८ चा कायदा उभा राहिला. प्रथम कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू करण्याचे ठरताच मालकवर्गाकडून आक्षेप आला की, दोनच शहरांतील कारखान्यांवर भार पडला, तर इतर शहरांतील मालाशी स्पर्धा कशी करावयाची? सरकारला हे म्हणणे पटले. १९५१ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मालकांची खास वर्गणी देशभर लागू करण्यात आली. योजना सुरू झालेल्या भागात वेतनखर्चाच्या सव्वा टक्का व अन्यत्र पाऊण टक्का. त्यानंतरच २४ फेब्रुवारी १९५२ रोजी योजनेचा प्रारंभ होऊ शकला. आपल्याकडे ती १९५४ मध्ये, जुलैत नागपुरास व २ ऑक्टोबरला मुंबईस आली.

वर्गणी द्यावी लागते याहूनही शेजाऱ्याला ती द्यावी लागत नाही, हे उद्योजकाला अधिक सलते. आजही ते तसेच आहे. २०१० च्या दुरुस्तीपासून १० किंवा अधिक माणसे असलेला प्रत्येक कारखाना कायद्याखाली येतो. ९ माणसांचा येत नाही. दोघेही त्याच मोठ्या कारखान्यासाठी सुटे भाग बनवितात आणि दर मागताना एकमेकांसमोर उभे असतात. साहजिकच दहावा माणूस हजेरीपटावर न दाखविणे, किंवा एकाच छपराखाली भावाच्या वा पत्नीच्या नावाची दुसरी पाटी लावणे, असे मार्ग शोधले जातात. दहावा माणूस कंत्राटदाराकरवी घेतला तर जबाबदारी टळते हा मात्र भ्रम आहे. त्याची वर्गणी भरली जाते की नाही हे पाहण्याचे दायित्व मूळ मालकावरच राहते. शिवाय एकदा कायदा लागू झाल्यावर पुढे कामगारसंख्या घटली तरी आस्थापना त्यातून सुटत नाही. मंदीत निम्मी माणसे कमी कराव्या लागलेल्या उद्योजकाला ही तरतूद विशेष जाचक वाटते.

आता रकमेचा प्रश्न. १ जुलै २०१९ पासून मालकाची वर्गणी पावणेपाच टक्क्यांवरून सव्वातीन टक्क्यांवर व कामगाराची पावणेदोनवरून पाऊण टक्क्यावर आणण्यात आली. दरमहा १५,००० रुपये वेतनाचे १२ कामगार असलेल्या कारखान्याला या दराने महिन्याला सुमारे ५,८५० रुपये भरावे लागतात. कामगाराच्या वेतनातून ११३ रुपये जातात. लहान कारखान्याच्या दृष्टीने ही रक्कम क्षुल्लक नव्हे. मोठ्या कारखान्याकडून बिलाचे पैसे तीन-तीन महिने न मिळाले, तरी वर्गणी मात्र पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावीच लागते.

परंतु हिशेबाची दुसरी बाजू क्वचितच मांडली जाते. यंत्रावर काम करताना ३० वर्षांच्या कामगाराचा मृत्यू झाला, तर १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या सूत्रानुसार निम्म्या वेतनाला २०७.९८ ने गुणावयाचे. १५,००० रुपये वेतनावर ही भरपाई १५ लाख ५९ हजार ८५० रुपये होते. ती देताना लहान कारखाना जागीच बंद पडेल. कामगार विमेदार असल्यास हे दायित्व मालकावर राहत नाही. आश्रितांना वेतनाच्या ९० टक्के दराने निवृत्तिवेतन विमा महामंडळ देते. विमेदार स्त्री कामगाराच्या २६ आठवड्यांच्या प्रसूतिरजेचे वेतनही महामंडळाकडूनच मिळते. मालक ज्याला कर म्हणतो, त्यात त्याचा स्वतःचाही विमा उतरलेला असतो, ही गोष्ट निरीक्षकांनी प्रथम सांगावयास हवी. ते बहुधा नोटिशीपासून सुरुवात करतात.

तक्रारीचा जो भाग खरोखर रास्त आहे, तो सेवेसंबंधीचा. कामगाराला ताप आला तर दवाखाना दूर, तेथे रांग, आणि औषध न मिळाल्यास बाहेरून विकत घ्यावयाचे. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडविण्यापेक्षा तो नाक्यावरच्या डॉक्टरला दोनशे रुपये देऊन मोकळा होतो. मग 'आमच्या माणसांनाच हे नको आहे' असे मालक म्हणतो, आणि त्याला खोटे पाडणे कठीण जाते. वर्गणी केंद्रीय महामंडळाकडे जाते, तर दवाखाने व बरीचशी रुग्णालये राज्य शासन चालविते. या दुहेरी व्यवस्थेत तक्रार कोणी ऐकावी हेच पुष्कळदा ठरत नाही.

वेतनमर्यादेचेही तसेच. १ जानेवारी २०१७ रोजी ती १५,००० वरून २१,००० रुपये झाली आणि पुढे अनेक वर्षे तेथेच राहिली. दरम्यान कुशल टर्नर वा फिटर वेतनवाढ मिळून या रेषेपलीकडे गेला की चालू वर्गणीकाल संपताच विम्याबाहेर पडतो. काही कामगार त्यामुळे मूळ वेतनवाढीस नकार देऊन वरकमाई रोखीने मागतात. वेतनवाढीलाच कामगार भिऊ लागावा, ही या योजनेची मोठी विसंगती होय.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना सर्व कुटुंबांपर्यंत नेऊन वार्षिक ५ लाख रुपयांचे संरक्षण देण्याचा निर्णय राज्याने २०२३ मध्ये घेतल्यापासून आणखी एक प्रश्न विचारला जातो : मग हा विमा कशाला? जन आरोग्य योजना रुग्णालयातील ठरावीक उपचारांचा खर्च देते. आजारपणात बुडालेली मजुरी देत नाही. विमेदार कामगाराला आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. त्यासाठी संबंधित सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. म्हणूनच हजेरीपटावर उशिरा नाव चढविलेला कामगार नेमक्या गरजेच्या वेळी रिकाम्या हाताने परततो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने १० ची मर्यादा दुकाने व इतर आस्थापनांसाठीही देशभर एकच केली. महाराष्ट्रात दुकानांना दीर्घकाळ २० ची मर्यादा होती. धोकादायक कामात एक कामगार असला तरी विमा लागू करता येतो, आणि १० पेक्षा कमी माणसे असलेल्यांना मालक व बहुसंख्य कामगार यांच्या संमतीने स्वेच्छेने सामील होता येते. मागील थकबाकी उकरली जाईल या भीतीने नोंदणी टाळणाऱ्यांसाठी महामंडळाने १ जुलै २०२५ पासून खास मोहीम काढली होती. तीत नोंदणी करणाऱ्यांकडे पूर्वीच्या काळाची मागणी केली जाणार नव्हती. ९ माणसांवर अडून बसलेला कारखानदार स्वेच्छेच्या वाटेने आत येईल काय, हे बव्हंशी त्याच्या शेजारच्या कारखान्यातील कामगारांना उपचार कसे मिळतात यावर ठरेल.

ज्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत असे कारखाने आहेत, तेथील सदस्यांना व शिक्षकांना या कामी बरेच करता येण्यासारखे आहे. १० किलोमीटरच्या परिसरात योजनेची सोय नसेल, तर विमेदाराने शिफारसपत्राशिवाय थेट जवळच्या संलग्न खाजगी रुग्णालयात जावे, असा निर्णय महामंडळाने २०२० मध्येच घेतला आहे. आपल्या गावच्या कामगारांसाठी असे रुग्णालय कोणते, हे महामंडळाच्या शाखा कार्यालयातून लेखी मागवून घेता येते, आणि ते नाव कारखान्याच्या फाटकावर व ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावण्यास फारसा खर्च येत नाही.