मागणाऱ्यानं ओशाळू नये, देणाऱ्यानं कुढू नये

भाद्रपद जवळ आला की दारावर पोरांची टोळी येते, हातात पावतीपुस्तक असतं आणि तुम्ही आतूनच ओरडून विचारता, "किती रे लिहू?" भिलाईतल्या मराठी घरांना वर्गणी नवीन नाही. पण हीच वर्गणी चर्चसाठी मागायची वेळ आली की भले भले गप्प होतात. वर्षातून एकदा पॅरिशचं निधी-आवाहन करायचं असतं, फादर मिस्सेनंतर दोन वाक्यं बोलतात, पाकिटं वाटली जातात आणि निम्मी पाकिटं बाकावरच राहतात. तुमच्या पॅरिशमध्ये असं होत असेल, किंवा तुम्ही मंडळात, सोसायटीत, शाळेच्या पालक समितीत असाल, तर पुढचं वाचा. पैसे मागण्याचं काम सगळीकडे सारखंच असतं.

भिलाईत मात्र एक अडचण वेगळी आहे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशभरातून माणसं इथे आली. मल्याळी, तमिळ, तेलुगू, जशपूरकडची उरांव कुटुंबं, थोडे आपले मराठी. सगळे पगारदार, सगळे तरुण. आज त्याच सेक्टरांतल्या बाकांवर निवृत्त माणसं बसतात. कारखान्यातली कायम नोकरी आटली, मुलं पुण्याला किंवा बंगळूरला गेली. ईपीएस-९५ योजनेचं किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून महिन्याला १,००० रुपये आहे, आणि त्यावर भागवणाऱ्या म्हाताऱ्या भिलाईत शोधाव्या लागत नाहीत. छप्पर गळतं आहे, वायरिंग पन्नास-साठ वर्षांचं झालं आहे आणि देणारे हात कमी झाले आहेत. अशा वेळी मागायचं कसं?

छत्तीसगडनं याचं उत्तर केव्हाच शोधून ठेवलं आहे. पौष पौर्णिमेला छेरछेरा येतो. धान नुकतंच कोठारात पडलेलं असतं. पोरं, बाया, मोठे गडी टोळ्या करून दारोदार जातात आणि मूठ-पसा धान मागतात. खाऊनपिऊन सुखी घरातली माणसंही त्या दिवशी झोळी घेऊन निघतात. त्यामुळे मागण्यात कमीपणा उरत नाही, आणि दारातून कुणी रिकामं जात नाही. मला यातली दोन गोष्टींची जोडी फार शहाणपणाची वाटते: मागायची वेळ धान आल्यावरची, आणि मागायला सगळेच निघतात.

आधी वेळेचं पाहू. पॅरिशच्या वर्षात इतर मागणी आधीच ठरलेली असते. उपवासकाळात कॅरितास इंडियाची भूक आणि आजाराविरुद्धची मोहीम असते, ऑक्टोबरच्या शेवटून दुसऱ्या रविवारी मिशन संडे असतो. एप्रिल ते जुलै घराघरांत शाळेची फी आणि वह्यापुस्तकं. डिसेंबरात नाताळचे कपडे आणि केक. मग उरतो नोव्हेंबर. बोनस हातात पडलेला असतो, खेड्याकडच्यांचं धान कापणीला आलेलं असतं आणि चर्चचं वर्ष संपत आलेलं असतं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सुरू करा, ख्रिस्तराजाच्या सणाला बंद करा. तीन-चार आठवडे पुरे. त्याहून जास्त लांबलं की लोक टाळायला लागतात.

मग आकडा. "यथाशक्ती द्या" हे वाक्य सभ्य आहे, पण त्यानं काही जमत नाही. समजा, छपराला ६ लाख लागणार आणि पॅरिशमध्ये ३०० घरं आहेत. भागाकार केला तर घरटी २,००० रुपये येतात. पण भागाकारासारखं कुणी देत नसतं. दहा घरं २०,००० देऊ शकतात, त्यांचे २ लाख. चाळीस घरांचे पाच-पाच हजार, म्हणजे आणखी २ लाख. शंभर घरांचे १,५०० प्रमाणे दीड लाख. उरलेली दीडशे घरं सरासरी ३५० देतील, त्यांचे ५२,५००. झाले ६ लाख अडीच हजार. ही मांडणी समितीनं आधी कागदावर करायची आणि पहिल्या दहा घरांत फादरांसोबत जाऊन, चहा पिऊन, समोरासमोर बोलायचं. माईकवरून श्रीमंतांना हाक मारून काही होत नाही. आणि १,५०० म्हणजे महिन्याला १२५, असं सांगितलं की पेन्शनरही विचार करतो.

त्या दीडशे घरांना कमी लेखू नका. पोलीन जारिको ही फ्रान्समधल्या लियों शहरातली तरुणी. तिनं रेशीम कामगार बायकांमध्ये एक साधी रीत घातली. एका बाईनं दहा जणांकडून आठवड्याला एक सू, म्हणजे तिथलं अगदी बारकं नाणं, गोळा करायचं. अशा दहा जणी मिळून शंभराचा गट, अशा दहा गटांवर एक प्रमुख. १८२२ मध्ये त्यातून श्रद्धाप्रसार संस्था उभी राहिली आणि तो पैसा जगभरच्या मिशनांना गेला. आपल्याकडे अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागून पैसा फंड उभा केला आणि तळेगावचा काच कारखाना १९०८ मध्ये निघाला, त्याच जातकुळीची ही गोष्ट.

जारिकोची पुढची कथा भिलाईकरांनी मुद्दाम ऐकावी. कामगारांना माणसासारखं वागवणारा कारखाना काढावा म्हणून तिनं १८४५ मध्ये रुस्त्रेल इथली लोखंडाची भट्टी विकत घेतली. ज्यांच्यावर कारभार सोपवला त्यांनीच पैसा लुबाडला. त्यात अनेक साध्या माणसांची बचतही अडकली होती. ती फेडण्यासाठी ही बाई दारोदार हात पसरत फिरली आणि १८६२ मध्ये कंगाल अवस्थेत वारली. २०२२ मध्ये चर्चनं तिला धन्यवादित घोषित केलं. पैसे जमवण्यात तिच्याइतकी हुशार बाई क्वचितच झाली असेल, पण दुसऱ्याच्या हातातल्या हिशोबानं तिला बुडवलं.

म्हणून हिशोबाबाबत भीड ठेवू नका. चर्चचा स्वतःचा कायदाही तुमच्याच बाजूनं आहे. १९८३ च्या संहितेत कलम ५३७ प्रमाणे प्रत्येक पॅरिशला अर्थसमिती हवीच. कलम १२६७ सांगतं की ज्या कामासाठी पैसा दिला त्याच कामाला तो लागला पाहिजे. छपराच्या पैशातून ध्वनिक्षेपक आणला तर तो नियमभंगच. आणि कलम १२८७ प्रमाणे भाविकांनी दिलेल्या पैशाचा हिशोब भाविकांना द्यायचा असतो. क्यूआर कोड पॅरिशच्या खात्याचाच असावा, कुणा खजिनदाराच्या फोनचा नको. थैलीतले पैसे मोजायला दोघं असावेत आणि ती दोघं एका घरची नसावीत. रोख असो वा यूपीआय, पावती त्याच आठवड्यात द्या. करसवलतीचं आमिष दाखवू नका. पूजास्थानाला दिलेल्या देणगीवर ८०जी सहसा मिळत नाही, धर्मादाय नोंदणीच्या संस्थेला मिळू शकते, आणि तिथेही २,००० च्या वर रोख दिली तर सवलत नाही.

नावं वाचून दाखवायची का, यावर दर वर्षी वाद होतो. माझं मत स्पष्ट आहे: नावं हवी असतील तर सगळ्यांची लावा, मराठी वर्णक्रमानं किंवा सेक्टरवार, पण समोर रकमा लिहू नका. मंदिरात दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट तर बायबलातच आहे. रकमांची यादी फलकावर लागली की तिच्यासारखी बाई पुढच्या वर्षी पाकीटच घेत नाही. जिला पैसे जमत नसतील तिला फोन करण्याचं, पावत्या लिहिण्याचं काम द्या. छेरछेऱ्यात झोळी धरणाराही लागतोच ना.

पत्र एका पानाचं असावं, सोप्या हिंदीत. घरी फोन करणारा मात्र त्या घरची भाषा बोलणारा असावा. आजीला मल्याळीत विचारलं की ती वेगळ्याच आवाजात बोलते, आपल्या मराठी आज्यांचंही तसंच. गळक्या छपराचा एक खरा फोटो टाका, पावसाळ्यातच काढून ठेवलेला. आणि सणानंतरच्या रविवारी जमा किती, खर्च किती, बाकी किती हे दाराशी लावा, कमी जमलं असेल तरीही.

राहिले गावाबाहेर गेलेले. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत ज्यांची नावं आहेत त्यातले कितीतरी आता दुबईत किंवा टोरांटोत आहेत. त्यांना जरूर कळवा, पण पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलानं स्वतःच्या कमाईतून, बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी योगदानात मोजले जात नाहीत. कॅनडाचं नागरिकत्व घेतलेल्या त्याच्या बहिणीचे मोजले जातात, मग ती सुटीत भिलाईला येऊन रुपयांत देवो. त्यासाठी संस्थेची एफसीआरए नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच यावी लागते. नोंदणी नसेल तर तिला प्रेमानं नाही म्हणा. नाताळला ती येणारच असेल, तर गाण्याच्या गटात तिचा आवाज चालेल.