देवमासा: आपल्याच समुद्रातला, तरी अनोळखी

२०१५च्या जूनमध्ये रायगड जिल्ह्यात रेवदंड्याच्या किनाऱ्याला सुमारे ४२ फूट लांबीचा देवमासा जिवंत लागला. पुढच्याच जानेवारीत जुहू चौपाटीवर ब्रायडीज व्हेलचा मृतदेह वाहत आला. २०२३च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचं सुमारे २० फुटी पिल्लू रुतलं. अशी घटना घडली की गर्दी लोटते, फोटो फिरू लागतात आणि त्यांच्याबरोबर जुन्या समजुतीही फिरतात. त्या केवळ सामान्यज्ञानातल्या चुका म्हणून सोडून देता येत नाहीत. देवमाशाबद्दल आपण काय मानतो, यावर आपण त्याच्याशी कसं वागतो हे ठरतं. म्हणून नेहमी कानावर पडणाऱ्या काही समजुती तपासून पाहू.

गैरसमज: देवमासा म्हणजे समुद्रातला सर्वांत मोठा मासा.

वस्तुस्थिती: देवमासा सस्तन प्राणी आहे. त्याला कल्ले नाहीत, फुप्फुसं आहेत. त्याचं रक्त उष्ण असतं. मादी एका वेळी बहुधा एकाच पिल्लाला जन्म देते आणि त्याला दूध पाजते. निळ्या देवमाशाचं पिल्लू जन्मतःच सुमारे सात मीटर लांब असतं आणि आईच्या दाट, स्निग्ध दुधावर दिवसाला ९० किलोपर्यंत वजन मिळवतं.

शेपटी पाहिली तरी फरक कळतो. माशाची शेपटी उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते, तर देवमाशाची आडवी असते आणि वर-खाली हलते. त्याचे पूर्वज जमिनीवर चार पायांनी धावत आणि धावताना त्यांचा कणा वर-खाली वाकत असे. तीच लकब पोहण्यात उतरली. हे पूर्वज आपल्याच उपखंडातले आहेत. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या पाकिसेटसचे अवशेष पाकिस्तानात मिळाले, त्यानंतरच्या टप्प्यावरच्या कच्छिसेटसचे कच्छमध्ये. काश्मीरच्या दक्षिणेला कालाकोट परिसरात सापडलेल्या इंडोहायस या लहानखुऱ्या खूरधारी प्राण्याच्या कानाचं हाड देवमाशांच्या धाटणीचं असल्याचं २००७ साली दाखवलं गेलं. आज जिवंत असलेल्या प्राण्यांपैकी देवमाशांचा सर्वांत जवळचा नातेवाईक पाणघोडा आहे.

सर्वांत मोठ्या माशाचा मान व्हेल शार्ककडे जातो. नावात व्हेल असलं तरी तो कल्ल्यांनी श्वास घेणारा शार्क आहे. गुजरातच्या किनाऱ्यावर त्याची मोठी शिकार होत असे. २००१ साली त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण मिळालं.

गैरसमज: देवमासा डोक्यातून पाण्याचं कारंजं उडवतो.

वस्तुस्थिती: ते कारंजं म्हणजे त्याचा उच्छ्वास. देवमाशाच्या नाकपुड्या डोक्याच्या माथ्यावर असतात. पाण्याखाली त्या घट्ट मिटलेल्या असतात आणि वर येताच तो फुप्फुसांतली उबदार, दमट हवा जोरात बाहेर फेकतो. कडाक्याच्या थंडीत आपल्या तोंडातून वाफ निघावी तसाच हा प्रकार, फक्त निळ्या देवमाशाची वाफ नऊ-दहा मीटर उंच जाते. नाकपुड्यांवरचं थोडं पाणीही तिच्यासोबत उडतं.

किनाऱ्याला लागलेल्या देवमाशावर लोक कळकळीने पाणी ओततात. अंग ओलं ठेवणं बरोबरच आहे, पण ते पाणी माथ्यावरच्या छिद्रात गेलं तर आपण त्याच्या नाकातच पाणी घालतो.

गैरसमज: छातीत भरपूर हवा भरून घेतो, म्हणून तो इतका वेळ बुडी मारू शकतो.

वस्तुस्थिती: खोल बुडीत फुप्फुसातली हवा फारशी कामाची नसते. पाण्याच्या दाबाने फुप्फुसं चेपली जातात. देवमासा आपला प्राणवायू रक्तात आणि स्नायूंत साठवतो. स्नायूंतल्या मायोग्लोबिन या प्रथिनाचं प्रमाण इतकं जास्त असतं की त्याचं मांस गडद, काळपट दिसतं. बुडी मारताच हृदयाचे ठोके मंदावतात आणि रक्तपुरवठा मुख्यतः मेंदू आणि हृदय यांच्याकडे वळतो.

२०१९ साली कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरातल्या एका निळ्या देवमाशाच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. त्याच्या अंगावर शास्त्रज्ञांनी चिकट कपांनी यंत्र बसवलं होतं. खोल पाण्यात त्याच्या हृदयाचे ठोके बहुतेक वेळ मिनिटाला चार ते आठ पडत होते आणि एका क्षणी फक्त दोन. वर येऊन श्वास घेताना तेच ठोके पस्तिसाच्या पुढे गेले. स्पर्म व्हेल हजार मीटरहून खोल जाऊन पाऊण तास सहज काढतो. क्युव्हिएच्या चोचवाल्या व्हेलची सर्वांत लांब नोंदलेली बुडी तीन तास बेचाळीस मिनिटांची आहे.

गैरसमज: देवमासे सगळे सारखेच आणि ते माणसं गिळतात.

वस्तुस्थिती: डॉल्फिन आणि पॉरपॉइज धरून देवमाशांच्या कुळात सुमारे ९० जाती आहेत आणि त्यांचे दोन गट पडतात. पहिल्या गटात पंधराच्या आसपास जाती आहेत. त्यांना दात नसतात. त्याऐवजी वरच्या जबड्यातून बलीनच्या पट्ट्यांची झालर लोंबते. आपली नखं ज्या केराटिनची असतात, त्याचंच हे बलीन. निळा देवमासा प्रचंड जबडा उघडून क्रिल या कोळंबीसारख्या जीवांच्या थव्यात घुसतो, टनावारी पाणी तोंडात घेतो आणि जिभेने ते झालरीतून बाहेर ढकलतो. मागे राहतात ते काही सेंटिमीटर लांबीचे क्रिल. पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी जगतो तो असा! हम्पबॅक आणि ब्रायडीज व्हेल याच गटातले.

दुसरा गट दात असलेल्यांचा. स्पर्म व्हेल, पायलट व्हेल, बेलुगा, नारव्हाल आणि सगळे डॉल्फिन यात येतात. अंधाऱ्या पाण्यात ते टकटक आवाज सोडून प्रतिध्वनीवरून भक्ष्य शोधतात. या गटाला माथ्यावर एकच छिद्र असतं, बलीनवाल्यांना दोन.

राहिला प्रश्न गिळण्याचा. निळ्या देवमाशाचा घसा इतका अरुंद असतो की माणूस त्यातून आत जाऊच शकत नाही. २०२१ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ एक पाणबुड्या मासे टिपणाऱ्या हम्पबॅकच्या तोंडात सापडला होता. हम्पबॅकने त्याला मिनिटाच्या आत बाहेर टाकलं. ‘किलर व्हेल’ या नावाने ओळखला जाणारा ऑर्का डॉल्फिनच्या कुळातला सर्वांत मोठा सदस्य आहे. मोकळ्या समुद्रात त्याने माणसाला मारल्याची एकही खात्रीलायक नोंद नाही.

गैरसमज: देवमासे थंड समुद्रातले; आपल्याकडे वाट चुकून येतात.

वस्तुस्थिती: ही समजूत सर्वांत खोल रुजली आहे आणि सर्वांत जास्त चुकीची आहे. ब्रायडीज व्हेल उष्ण समुद्रातच राहतात आणि सिंधुदुर्गच्या किनाऱ्यासमोर संशोधकांनी त्यांच्या नोंदी केल्या आहेत. उत्तर हिंदी महासागरातले निळे देवमासे अंटार्क्टिकाला जात नाहीत. श्रीलंकेच्या आसपास ते नेहमी दिसतात आणि लक्षद्वीपच्या समुद्रात त्यांचे आवाज नोंदले गेले आहेत.

अरबी समुद्रातल्या हम्पबॅकची कहाणी तर जगावेगळी आहे. इतर हम्पबॅक उन्हाळ्यात ध्रुवांकडे चरायला जातात आणि हिवाळ्यात पिल्लांसाठी उष्ण पाण्यात परततात. हजारो किलोमीटरची ही ये-जा अरबी समुद्रातले हम्पबॅक करत नाहीत. त्यांना ती करावी लागत नाही, याचं कारण मोसमी वारे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे ओमान आणि सोमालियाच्या किनाऱ्यांजवळ खोलातलं थंड, पोषक पाणी वर येतं, त्यावर प्लवक वाढतात, प्लवकांवर मासे वाढतात आणि देवमाशांना दारातच अन्न मिळतं. जनुकीय अभ्यासानुसार हा समूह सुमारे ७०,००० वर्षं इतरांपासून वेगळा राहिला आहे. ओमानच्या समुद्रात आता त्यांची संख्या शंभराच्याही आत असावी, असा अंदाज आहे. २०१७च्या अखेरीस ओमानमध्ये उपग्रह-यंत्र बसवलेली ‘लुबान’ नावाची मादी अरबी समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत आली. गोव्याच्या किनाऱ्याजवळ हम्पबॅक नराचं गाणंही पाण्याखालच्या यंत्रांनी टिपलं आहे.

आपल्याला ते दिसत नाहीत याचं एक कारण त्यांची अल्प संख्या आणि त्या संख्येमागे माणसाचा हात आहे. १९६६च्या नोव्हेंबरात सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांजवळ बेकायदा शिकार करून दोनशेहून अधिक हम्पबॅक मारले. ही गोष्ट कित्येक वर्षं दडवून ठेवली गेली.

गैरसमज: देवमासे किनाऱ्यावर येऊन आत्महत्या करतात.

वस्तुस्थिती: किनाऱ्याला लागणारे देवमासे बहुधा आजारी, जखमी, जाळ्यात अडकलेले किंवा आईपासून तुटलेले असतात. कित्येक समुद्रातच मेलेले असतात आणि पावसाळ्यात वारा-लाटा त्यांना किनाऱ्याला लावतात. पायलट व्हेलसारख्या जाती घट्ट कळपाने राहतात. एक भरकटला तर बाकीचे त्याला सोडत नाहीत. तामिळनाडूत तिरुचेंदूरजवळच्या किनाऱ्यावर १९७३ साली १४७ पायलट व्हेल आले होते आणि त्याच भागात २०१६च्या जानेवारीत ऐंशीहून अधिक. आवाजही जीवघेणा ठरतो. २००० साली बहामा बेटांवर १७ देवमासे आणि डॉल्फिन किनाऱ्याला लागले, त्यामागे आपल्या जहाजांची, पाण्याखाली आवाज सोडून शोध घेणारी सोनार यंत्रणा असल्याचं अमेरिकी नौदलाने मान्य केलं.

पाणी नसेल तर देवमासा गुदमरत नाही, तो हवेतच श्वास घेतो. पाण्याचा आधार सुटला की त्याचं स्वतःचंच वजन फुप्फुसांवर आणि स्नायूंवर येतं आणि चरबीच्या जाड थरामुळे अंग तापत जातं. म्हणूनच समुद्रात ढकलला म्हणजे वाचला, असं होत नाही. गणपतीपुळ्याच्या पिल्लासाठी सरकारी यंत्रणा आणि ग्रामस्थ यांनी जवळपास ४० तास शर्थ केली, त्याला पाण्यात नेलंही, पण ते जगलं नाही. दुधावरच्या पिल्लाला नुसता समुद्र पुरत नाही, आई लागते.

गैरसमज: अंबरग्रीस म्हणजे देवमाशाची उलटी, सापडली तर नशीब उघडलं.

वस्तुस्थिती: अंबरग्रीस स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतं. या व्हेलचं मुख्य खाद्य म्हणजे माकूळ. माकुळाच्या कठीण चोची पचत नाहीत. बहुतेक चोची तो खरोखरच ओकून टाकतो, पण काही आतड्यात उतरतात आणि त्यांच्याभोवती मेणचट पदार्थाचे थर साचतात. हा गोळा विष्ठेबरोबर किंवा प्राणी मेल्यावर बाहेर पडतो, असं मानलं जातं. शंभरातल्या एखाद्याच स्पर्म व्हेलमध्ये तो तयार होत असावा.

अत्तरात वास टिकवण्यासाठी त्याला मोल होतं. आता त्या कामासाठी कृत्रिम पर्याय सर्रास वापरले जातात. भारतात स्पर्म व्हेलला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि अंबरग्रीसची खरेदी-विक्री गुन्हा आहे. ‘व्हेलच्या उलटी’च्या मोहापायी मुंबई-कोकणात अनेकांना अटक झाली आहे. किनाऱ्यावर तसा गोळा दिसला तर वन विभागाला कळवावं, पिशवीत घालून घरी नेऊ नये.

गैरसमज: शिकारबंदी झाली, आता देवमासे सुरक्षित आहेत.

वस्तुस्थिती: विसाव्या शतकात सुमारे २९ लाख देवमासे मारले गेले. १९७९ साली हिंदी महासागर त्यांच्यासाठी अभयारण्य ठरला आणि १९८२ साली व्यापारी शिकार थांबवण्याचा आंतरराष्ट्रीय निर्णय झाला. त्यामुळे कित्येक ठिकाणी हम्पबॅकची संख्या पुन्हा वाढली. मात्र आज धोका वेगळ्या रूपात आहे. जहाजांच्या धडका, जाळी, समुद्रातला गोंगाट आणि तापणारं पाणी. वर्षानुवर्षं जगणारी मादी दोन-तीन वर्षांतून एकच पिल्लू देते, त्यामुळे एक मृत्यूही भरून यायला वेळ लागतो.

यात आपल्या हातात बरंच काही आहे. संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापणाऱ्या मच्छीमारांना महाराष्ट्रात २०१८ पासून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. ही योजना प्रत्येक बंदरावर माहीत असायला हवी. किनाऱ्यावर जिवंत देवमासा दिसला तर लगेच वन विभागाला १९२६ या क्रमांकावर किंवा पोलिसांना कळवा. माथ्यावरचं छिद्र उघडं आणि वाळूपासून मोकळं ठेवा. बाकीच्या अंगावर ओली चादर टाका, सावली करा. शेपटीला किंवा परांना दोर बांधून ओढू नका. गर्दी आणि आवाज दूर ठेवा आणि पशुवैद्य येईपर्यंत थांबा.