परिपत्रक आणि प्रोग्राम: बाजार-नियमांच्या पाव शतकाचा मागोवा

वित्तीय नियम गद्यात लिहिला की त्याचे दोन अर्थ निघू शकतात. ‘दिवस’ म्हणजे कॅलेंडरचा की व्यवहाराचा, रक्कम पूर्णांकात कुठल्या टप्प्यावर आणायची, अशा बारीक जागी वाद उभे राहतात. प्रोग्रामला या प्रश्नांचे उत्तर आधीच ठरवावे लागते. मुंबईच्या बाजारात हा फरक सर्वांत ठळक झाला तो मार्जिनच्या, म्हणजे व्यवहारासाठी आधी ठेवायच्या अनामत रकमेच्या, नियमांत.

निर्देशांक फ्युचर्स सुरू करण्यापूर्वी, 1998 मध्ये, सेबीने जोखीम-नियंत्रणाचे उपाय सुचवण्यासाठी प्रा. जयंत वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली गट नेमला. या गटाने मार्जिनचा एकच कायमचा आकडा ठरवून दिला नाही, तो रोज कसा काढायचा याची रीत दिली. कालच्या अस्थिरतेच्या वर्गाला 0.94 ने आणि आजच्या परताव्याच्या वर्गाला 0.06 ने गुणायचे, दोन्हींची बेरीज करायची आणि तिचे वर्गमूळ काढायचे. येणाऱ्या सिग्माच्या, म्हणजे आजच्या अस्थिरतेच्या, तिप्पट चढउतार झेलता येईल इतके मार्जिन घ्यायचे. परतावा म्हणजे आजच्या व कालच्या भावांच्या गुणोत्तराचा लॉगरिदम, हेही स्पष्ट होते. त्यामुळे खरेदीदार आणि विक्रेता यांची टक्केवारी किंचित वेगळी येते, आणि तो फरकही सूत्रातच बसवलेला होता. गद्य अहवालात आलेला हा नियम जवळजवळ प्रोग्रामच होता, आणि भारतीय नियमनातले ते फार मोलाचे पाऊल होते. 9 जून 2000 रोजी मुंबई शेअर बाजारात आणि 12 जूनला राष्ट्रीय शेअर बाजारात निर्देशांक फ्युचर्सचे व्यवहार सुरू झाले.

2001 मध्ये ऑप्शन्स आले आणि एका ओळीचे सूत्र अपुरे पडू लागले. इथे शिकागो मर्कंटाईल एक्स्चेंजने 1988 मध्ये विकसित केलेली स्पॅन प्रणाली कामाला आली. भाव आणि अस्थिरता यांच्या बदलांच्या 16 शक्यता ती तपासते आणि सर्वांत मोठ्या तोट्यावरून मार्जिन ठरवते. क्लिअरिंग संस्था दिवसातून अनेकदा जोखमीच्या फाईली प्रसिद्ध करते, म्हणून ब्रोकरला आपले मार्जिन स्वतः पडताळता येते. मात्र प्रणालीची मालकी परदेशी बाजाराकडे राहिली. नियम भारतीय आणि तो चालवणारी प्रणाली दुसऱ्याची, ही रचना नियमनाच्या दृष्टीने अपुरीच म्हणावी लागेल.

याहून धाडसी प्रस्ताव अमेरिकेत आला. 2008 च्या संकटात तारण-रोख्यांची देणी कुणाला कोणत्या क्रमाने मिळणार हे शेकडो पानी माहितीपत्रकांतून उलगडेना. एप्रिल 2010 मध्ये तिथल्या रोखे आयोगाने सुचवले की देण्यांचा हा क्रम जारीकर्त्याने पायथॉन भाषेतल्या प्रोग्रामच्या रूपात दाखल करावा, म्हणजे गुंतवणूकदाराला आपले अंदाज घालून तो चालवून पाहता येईल. एकाच भाषेची सक्ती का, चूक निघाल्यास जबाबदारी कुणाची, असे आक्षेप आले. ऑगस्ट 2014 च्या अंतिम नियमांत कर्जनिहाय आकडेवारीची अट राहिली, प्रोग्रामची गळली.

भारतात या काळात सुधारणा झाली ती माहितीच्या साच्यांत. रिझर्व्ह बँकेने 2008 मध्ये बँकांच्या अहवालांसाठी एक्सबीआरएल हा आकड्यांना ठरावीक खुणा जोडणारा साचा स्वीकारला आणि 2011 मध्ये कंपनी मंत्रालयाने तो मोठ्या कंपन्यांना लागू केला. या साच्यामुळे आकडा कुठला ते कळते. तो कोणत्या नियमाने काढला, हे मात्र सहसा परिपत्रकातच शोधावे लागते. ऑगस्ट 2021 च्या परिपत्रकाद्वारे सेबीने डिबेंचरच्या तारणावर आणि अटींवर देखरेख ठेवण्यासाठी वितरित खातेवहीची (डिस्ट्रिब्युटेड लेजर) प्रणाली उभारण्याचे काम डिपॉझिटरींकडे सोपवले. त्यात नोंदी सर्वांना सारख्या दिसतात, पण अट मोडली की नाही हे अखेर डिबेंचर विश्वस्तच ठरवतो.

फ्रान्सने 2016 मध्ये आयकर मोजणीच्या प्रोग्रामचा मूळ मजकूर खुला केला. मुंबईच्या नियामकांनाही हे अशक्य नाही. परिपत्रक कायदा म्हणून गद्यात राहावे, पण त्यासोबत चालवून पाहता येईल असा अधिकृत प्रोग्राम आणि नमुना आकडे द्यावेत, आणि दोन्हींत विसंगती आढळल्यास कोणते ग्राह्य धरायचे तेही परिपत्रकातच लिहावे.