पंचहौदाच्या घंटा

आम्हां पुणेकरांना पंचहौद म्हटले की आधी चहा आठवतो, देऊळ मागाहून. मीही त्याला अपवाद नव्हतो. पंधरा वर्षे महाविद्यालयात रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' शिकवल्या, ग्रामण्याचा विषय निघाला की वर्गात हशाही पिकवला. पण गुरुवार पेठेतल्या त्या देवळाची पायरी कधी चढलो नव्हतो. लहानपणी नाताळात दुरून घंटानाद कानी पडे आणि आजी म्हणे, "पंचहौदाच्या घंटा झाल्या रे!" तेवढाच काय तो आमचा संबंध.

गेल्या वर्षी वर्गात एक विद्यार्थिनी उभी राहिली. "सर, चहा कोण कोण प्यायले ते तुम्ही सांगितलंत. तो केला कोणी आणि ओतला कोणी, ते नाही सांगितलंत." वर्ग हसला. मला मात्र हसता आले नाही. मुलगी त्याच आवारात वाढलेली होती. पुढच्याच रविवारी मी पंचहौदाची वाट धरली.

पुणे हे हौदांचे गाव. पेशवाईत कात्रजच्या तलावाचे पाणी नळाने शहरात आले आणि काळा हौद, बदामी हौद अशी नावे लोकांच्या तोंडी बसली. तसेच हे पाच हौदांचे ठिकाण. पेठेचे जुने नाव वेताळ पेठ. पुण्यातील ख्रिस्ती वस्तीही इंग्रजांच्या आधीची आहे. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती सरदार-शिपाई होते. त्यांच्या प्रार्थनेसाठी सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत, १७९२ साली, जागा मिळाली आणि सिटी चर्च उभे राहिले. पुढे लष्करात सेंट मेरीज चर्च झाले; १८२५ मध्ये बिशप हेबर यांच्या हस्ते त्याचे अर्पण झाले. पण ते गोऱ्या पलटणींचे. पेठेतल्या, मराठी बोलणाऱ्या माणसांच्या शेजारी येऊन बसले ते पंचहौदाचे 'पवित्र नाम देवालय'.

ते बांधले ऑक्सफर्डजवळच्या काउली येथील संन्यस्त धर्मगुरूंच्या संघाने. हा संघ १८६६ साली स्थापन झालेला. त्यांच्यामागून १८७७ मध्ये वाँटेजच्या भगिनी पुण्यात आल्या. पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या त्या याच भगिनींच्या आश्रयाने, आणि १८८३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला तोही वाँटेजलाच. नंतर दोनच वर्षांनी, १८८५ मध्ये, हे देऊळ उभे राहिले.

आवारात शिरताच नजर वर जाते ती मनोऱ्याकडे. इटलीतल्या घंटाघरांच्या धर्तीचा हा चौकोनी मनोरा सुमारे १३० फूट उंच आहे. वाडे आणि कौलारू घरे यांच्या त्या काळच्या पुण्यात तो केवढा दिसला असेल! त्यात आठ घंटा आहेत, इंग्लंडात लाफबरो येथील टेलर यांच्या कारखान्यात ओतलेल्या. आपल्या देवळात घंटा स्थिर असते, आपण लोलक हलवतो. इंग्लंडातली रीत वेगळी: तिथे घंटा चाकावर बसवतात आणि दोर ओढला की अख्खी घंटाच फिरते. आठ घंटा आठ सुरांच्या. त्यांचा क्रम पालटत गेल्यास ४०,३२० प्रकार होतात. गणिताच्या प्राध्यापकांनी पडताळून पाहावे!

घंटांवरून आणखी एक गोष्ट आठवली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या. त्यांतली एक भीमाशंकरला आहे, एक वाईजवळ मेणवलीच्या घाटावर. म्हणजे चर्चच्या घंटेचा नाद आमच्या देवदर्शनात पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ मिसळलेला आहे आणि त्यात कुणाला विटाळ वाटलेला नाही. विटाळ झाला तो चहाने!

१८९० च्या ऑक्टोबरात मिशनमध्ये व्याख्यानाला शहरातील नामांकित मंडळी जमली. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे आली. कोणी प्यायले, कोणी पेला नुसता हाती घेऊन खाली ठेवला. आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी यांनी ही गंमत बाहेर फोडली, 'पुणे वैभवा'त नावे छापून आली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. न्यायमूर्ती रानड्यांनी मित्रांची अडचण ओळखून १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि दोन्ही बाजूंचे बोल सोसले.

हे सारे मला पाठ होते. पण त्या रविवारी मागच्या बाकावर बसून मराठी उपासना ऐकताना त्या मुलीचा प्रश्न पुन्हा समोर आला. चहा पिणाऱ्यांना प्रायश्चित्ताची वाट होती. ते घेतले की घर पुन्हा आपले. ज्यांनी जन्माचा धर्म सोडून या आवाराचा आसरा घेतला, त्यांना परतीची वाट नव्हती. आणि ज्यांच्या हातचे घेतले म्हणून एवढे वादळ उठले, त्यांना काय वाटले असेल, हे कुणी विचारलेही नाही. मीही नाही.

उपासना संपली. ती मुलगी आईला घेऊन पुढे आली. आईंनी विचारले, "सर, चहा घेणार ना?" आणि लगेच स्वतःच हसल्या. मीही हसलो. कप हातात घेतला आणि सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो.

यंदा तो धडा शिकवताना वर्गात हशा पिकला नाही. धडा संपल्यावर मुलांना सांगितले, "पुढचा तास पंचहौदाला, मनोऱ्याखाली."