अक्षरजुळणीच्या भाषेत संदर्भाचे दुवे

संशोधनपर लेखात विधान आणि त्याचा आधार यांची सांगड वाचकाला स्वतः तपासून पाहता आली पाहिजे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील प्राकृताविषयी लिहिणारा अभ्यासक तिसऱ्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या लेखाचा दाखला देतो, तेव्हा एमिल सेनार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात (१९०५-०६) दिलेले त्याचे वाचन त्यास दाखवावे लागते. हे काम आजवर तळटीप करीत आली. त्या खंडाची छायाप्रत महाजालावर असेल, तर आता लेखातील शब्दावर टिचकी मारताच वाचक तेथे पोहोचू शकतो. लाटेक या अक्षरजुळणीच्या भाषेत ही सोय कशी करावयाची आणि मराठी लेखकाला तीत कोणती अडचण येते, याचा विचार येथे केला आहे.

लाटेकमध्ये लेखक मजकुरातच आज्ञा लिहितो आणि त्यांवरून संगणक पान जुळवितो. दुव्यांसाठी ‘हायपररेफ’ नावाचा आज्ञासंच आहे. तो इतर संचांच्या आज्ञांत फेरफार करतो. म्हणून त्यास सामान्यतः सर्वांच्या शेवटी पाचारण करावे लागते. तयार झालेल्या पीडीएफमध्ये दुवा म्हणजे शब्दांवर आखलेला एक आयत होय. त्या आयताला पत्ता जोडलेला असतो.

मुख्य आज्ञा दोन. ‘यूआरएल’ या आज्ञेपुढे महिरपी कंसांत पत्ता लिहिला की तोच पानावर छापला जातो आणि दुवाही होतो. ‘एचरेफ’ या आज्ञेला कंसांच्या दोन जोड्या लागतात : पहिलीत पत्ता, दुसरीत वाचकाला दिसावयाचे शब्द.

मराठीची अडचण येथेच सुरू होते. पत्त्याच्या प्रमाण रूपात देवनागरी अक्षरांना स्थान नाही. त्यांचे सांकेतिक रूपांतर करावे लागते. ‘नाशिक’ हा शब्द संगणकात न, काना, श, ऱ्हस्व वेलांटी आणि क अशा पाच घटकांनी साठविला जातो. वेलांटी छपाईत श-च्या आधी दिसते, साठवणीत मात्र ती त्याच्या नंतर येते. प्रत्येक घटकाचे तीन बाइट आणि प्रत्येक बाइटासाठी टक्क्याच्या चिन्हासह तीन खुणा, या हिशेबाने ‘नाशिक’ या एका शब्दाच्या ४५ खुणा होतात. त्या वाचकासमोर ठेवण्यात अर्थ नाही. उलट मूळ देवनागरी पत्ता ‘यूआरएल’ आज्ञेत घातल्यास काना-मात्रांची जुळणी नीट होईलच असे नाही. म्हणून अशा ठिकाणी ‘एचरेफ’ योजून सांकेतिक पत्ता आत ठेवावा आणि बाहेर मराठी शब्द दाखवावेत, हे इष्ट.

एक सावधगिरी मात्र हवी. लाटेकमध्ये टक्क्याच्या चिन्हापुढील ओळ ही टीप समजून वगळली जाते. ‘एचरेफ’ थेट मजकुरात असता हायपररेफ हे सांभाळून घेतो. परंतु तीच आज्ञा तळटीपेत, म्हणजे दुसऱ्या आज्ञेच्या पोटात, आली की पत्ता अर्ध्यावर तुटतो आणि जुळणी अडते. तेथे प्रत्येक टक्क्यापूर्वी आज्ञेच्या आरंभी असते तशी तिरपी रेघ द्यावी.

याहून महत्त्वाचा प्रश्न छापील प्रतीचा आहे. कागदावर ‘एचरेफ’चा पत्ता नाहीसा होतो आणि नुसते शब्द उरतात. शिवाय महाजालावरील पत्ते बदलतात, पाने काढून घेतली जातात. सेनार यांचा खंड ग्रंथालयात सापडतो तो खंडाच्या आणि पृष्ठाच्या क्रमांकावरून. यास्तव ग्रंथकार, ग्रंथ, खंड, वर्ष आणि पृष्ठ हा संदर्भ पूर्ण लिहावा आणि दुवा त्याच्या जोडीला द्यावा. उद्या दुवा निकामी झाला तरी लेखातील विधान निराधार होऊ नये, इतकी दक्षता अभ्यासकाने घेतलीच पाहिजे.