खारे पाणी की हवा?

अमेरिकेतील अटलांटिक सिटी या समुद्रकाठच्या शहरात १८८० नंतरच्या दशकात एक चिवट मिठाई विकली जाऊ लागली. नाव 'सॉल्ट वॉटर टॅफी', म्हणजे खाऱ्या पाण्याची टॅफी. दुकानात भरतीचे पाणी शिरले आणि थट्टेत हे नाव पडले, अशी दंतकथा आहे. तिच्यात थोडे मीठ व पाणी असते, पण समुद्राचे नव्हे! तरीही १९२३ मध्ये एका व्यापाऱ्याने या नावावर हक्क मिळवून इतरांकडे पैसे मागितले. १९२५ मध्ये तो हक्क रद्द झाला.

मग चिवटपणा येतो कोठून? चिक्कीचा पाक इतका आटवतात की त्याचा थेंब पाण्यात टाकताच कडक होऊन कटकन मोडतो. टॅफीचा पाक सुमारे १२५ अंश सेल्सिअसलाच उतरवतात, म्हणून त्यात थोडे पाणी उरते. साखरेचे स्फटिक होऊ नयेत यासाठी मक्याचे सिरप घालतात. खरी गंमत पुढे आहे. कोमट गोळा आकड्याला अडकवून ओढायचा, दुमडायचा, पुन्हा ओढायचा. असे करताना हवेचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे आत कोंडले जातात. गोळा हलका व मऊ होतो आणि रंग न घालताही पांढरा दिसू लागतो, कारण बुडबुड्यांवरून प्रकाश विखुरतो. साबणाचा फेस पांढरा दिसतो तोही याच कारणाने.