लंगोटांचे बारा आणि आषाढाचा पाऊस

आमच्या घरात गेली वीस वर्षे तान्हे मूल नव्हते. त्यामुळे यंदा भाची बाळंतपणाला आमच्याकडे यायची ठरली तेव्हा पाळणा कोठून आणायचा, डिंकाचे लाडू कोणी वळायचे, यावर पुष्कळ खल झाला. पण लंगोट या विषयावरून घरात दोन तट पडतील असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. खरे म्हणजे हे बाळंतपण तिच्या आईच्या घरी व्हायचे. परंतु माझी थोरली बहीण तीन वर्षांपूर्वी गेली, आणि तो मान डोंबिवलीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाकडे आला.

भाची आली ती एक मोठे खोके घेऊन. आत हत्ती-जिराफ छापलेल्या, टिचबटणांच्या, रंगीबेरंगी अशा बारा चड्ड्या.

"आजी, हे कापडीच आहेत बरं का. आत खिसा आहे, त्यात ही जाड घडी सरकवायची. गादी ओली होत नाही."

आईने चष्मा लावून ती वस्तू उलटसुलट केली. "ह्यातून वारा कुठून लागायचा ग?" एवढेच म्हणून ती आत गेली आणि ट्रंकेतून जुन्या सुती साड्यांचे बोचके काढून कात्री शोधू लागली.

येथे ज्यांचा या शास्त्राशी संबंध सुटून बराच काळ लोटला आहे त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. आपला घरगुती लंगोट म्हणजे मऊ सुती कापडाचा चौकोन. तिरका दुमडून त्रिकोण करायचा आणि नाडीने बांधायचा. त्याची पुढची पायरी म्हणजे तेच कापड सहा-आठ पदरी शिवून केलेली घडी. ती बाळाला लावून वरून पाणी न झिरपणारी चड्डी घालायची. ही वरची चड्डी काही कालपरवाची नव्हे. अमेरिकेत मॅरियन डोनोवन या बाईंनी १९४६ साली न्हाणीघराचा पडदा फाडून पहिली चड्डी शिवली, टोचणाऱ्या पिनांऐवजी तिला टिचबटणे लावली, आणि १९५१ साली तिचे पेटंट मिळवले. भाचीचा तो खिसेवाला प्रकार याच चड्डीचे नातवंड. आणखी एका जातीत घडी आणि चड्डी एकत्रच शिवलेली असते. घालायला सर्वांत सोपी, वाळायला सर्वांत महाकठीण.

आषाढातल्या एका धो धो पावसाच्या रात्री बाळ झाले. मुलगी. इस्पितळातून घरी आल्यावर अर्थातच हत्ती-जिराफांचे राज्य सुरू झाले. आई गप्प होती. पाचव्या दिवशी दाखवायला नेले तर वजन जन्माच्या वेळेपेक्षा बरेच उतरलेले. पहिल्या काही दिवसांत थोडे उतरतेच. पण हे जरा जास्त होते. डॉक्टरीणबाईंनी साधा प्रश्न विचारला, "चोवीस तासांत शू किती वेळा झाली?"

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. त्या चड्डीचे आतले अस्तर असे, की ओले झाले तरी हाताला कोरडे लागते. आम्ही घड्याळ पाहून तीन-तीन तासांनी बदलत होतो. त्यात बाळाने एकदा केली की तीनदा की मुळीच केली नाही, कोणाला ठाऊक? पहिले चार-पाच दिवस उलटल्यावर दिवसरात्रीत निदान सहा वेळा तरी शू झाली तर दूध पुरेसे पोटात जाते आहे असे समजतात. हा हिशेब आमच्याजवळ नव्हता. भाचीचा चेहरा एवढासा झाला.

घरी आल्यावर आईने एका वाटीत चिंचोके घेतले. साधा लंगोट बांधला. तो ओला झाला की दुसऱ्या वाटीत एक चिंचोका. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटीत चारच होते. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे भाचीने दर दोन तासांनी, झोपेतून उठवूनसुद्धा, बाळाला पाजायला घेतले. त्यापुढच्या सकाळी पाच चिंचोके, आणि मग आठ. आठवड्याने वजन वाढलेले दिसले तेव्हा मी, एक मराठीचा प्राध्यापक, इस्पितळाच्या जिन्यात चिंचोक्यांच्या गोष्टी करीत उभा होतो.

पण आईच्या पक्षाचा असा विजय झाला म्हणावे तर रात्री काय? साधा लंगोट ओला झाला की दुपटे ओले, दुपट्याबरोबर गोधडी ओली, आणि बाळाबरोबर सारे घर जागे. तीन आठवड्यांनी भाची बसल्या बसल्या डुलक्या घेऊ लागली. तेव्हा आईनेच एके रात्री घडीची चड्डी पुढे केली. "रात्रीपुरती घाल हो. तुला झोप नको का?" तेव्हापासून दिवसा लंगोट, रात्री चड्डी, असा तह झाला.

आता धुण्याचे. कामाच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले, "लंगोट धुणं आपलं ठरलेलं नाही, दादा." त्यांचे बरोबरच होते. सौ.ची बँक सकाळी गाठायची असते, आईचे गुडघे दुखतात, बाळंतिणीला पाण्यात हात घालू द्यायचा नाही. उरलो मी. मी कुरकुर केली तेव्हा सौ. शांतपणे म्हणाली, "आपला मुलगा तान्हा होता तेव्हा तुम्ही नेटचा अभ्यास करत होतात." त्यावर मी बादली उचलली.

आणि धुऊ लागल्यावरच कळले की निवड करायची ती दुकानात नव्हे, दोरीपाशी. साध्या लंगोटाचा एकच पदर पंख्याखाली रात्रीत वाळतो. सहा पदरी घडी पावसात दोन दिवस दमट राहते आणि तिला कुबट वास मारू लागतो. कृत्रिम धाग्यांची घडी लवकर वाळते; पण ती कातडीतला ओलावाही ओढून घेते, म्हणून थेट अंगाला लावायची नाही. दिवसाला दहाबारा लंगोट लागतात आणि वाळायला दोन दिवस धरले, तर साधे तीस हाताशी हवेत. लंगोट चुणचुणीत इस्त्रीने वाळवता येतो, त्या झिरपबंद चड्डीला मात्र इस्त्री दाखवलीत तर ती संपलीच! कपडे मऊ करणारी ती सुवासिक द्रव्येही वर्ज्य. धाग्यावर त्यांचा थर बसतो आणि कापड पाणी टिपेनासे होते. साबण पुरता निघेपर्यंत खळबळणे महत्त्वाचे, नाहीतर कातडी लाल होते.

कोऱ्या सुती घड्यासुद्धा चार-पाच वेळा धुतल्याखेरीज नीट शोषत नाहीत. कापसात उपजतच तेलकटपणा असतो. वीस वर्षे धुतलेली साडी का चांगली, हे मला तेव्हा समजले.

विकतचे फेकून द्यायचे डायपर आम्ही प्रवासापुरते वापरले. ते नीट गुंडाळून द्यायचे असा नियम २०१६ सालापासून आहे. तरी किती घरांतून ते तसेच कचऱ्यात जातात आणि कोणाच्या हातांनी वेगळे होतात, हे सकाळी जिन्यात दिसते. पण कापडी म्हणजे आपोआप पुण्य, असेही नाही. २००८ साली ब्रिटनच्या सरकारी पाहणीत निघाले ते हेच, की कढत पाणी आणि यंत्रातली वाळवण वापरली तर कापडाचा फायदा आटतो. उन्हावाऱ्यात वाळवले आणि तेच पुढच्या भावंडाला वापरले तर वाढतो.

एके दुपारी भाची दोरीवरचे लंगोट काढत होती. एकाशी हात थांबला. हिरवा, बारीक ठिपक्यांचा.

"आजी, ही आईची साडी ना?"

"तिचीच. ती घरी रोज नेसायची ती," आई म्हणाली. "फाडू का नको, दोन दिवस विचार करत होते मी."

भाची काही बोलली नाही. घड्या घालून ठेवताना हिरवे लंगोट तिने वेगळे काढले.

परवा ती सासरी नाशिकला गेली. बाळ साडेतीन महिन्यांचे झाले आहे आणि पालथे पडायच्या खटपटीत आहे. सामानात सहा चड्ड्या गेल्या, उरलेल्या सहा सौ.ने बँकेतल्या एका मुलीला दिल्या. तीस लंगोटांपैकी मात्र अठ्ठावीसच भरले. दोन हिरवे दोरीवर ओले राहिले होते. ते वाळले आहेत, येत्या रविवारी नेऊन द्यायचे आहेत.